चाकं तुमची, चिंता आमची

टायर विकणाऱ्याच्या घरातली गाडी ओळखायला सोपी असते. जिच्या चार चाकांना चार घरचे टायर असतात, ती. माझ्या गाडीचा पुढचा डावा टायर एका दंतवैद्याने टाकून दिलेला, पुढचा उजवा एका वकिलाने, आणि मागचे दोन कुणी टाकले ते टाकणाऱ्यालाही आठवत नसेल. गिऱ्हाईक नवे टायर बसवून खुशीत निघून जातं, जुने आमच्या दुकानामागच्या ढिगात पडतात, आणि संध्याकाळ झाली की माझा नवरा त्या ढिगाभोवती फेऱ्या मारतो. एखादा टायर उचलतो, अंगठ्याने दाबतो, नाकाशी नेतो की काय अशी भीती वाटावी इतका जवळून बघतो आणि म्हणतो, "यात अजून जीव आहे." तो जीव मग माझ्या गाडीला लागतो.

हाच माणूस गिऱ्हाइकाला काय सांगतो, ते मी गल्ल्यावर बसून रोज ऐकते. "साहेब, रबर कडक झालंय हो. घरच्या माणसांना घेऊन फिरता ना? मग जिवाशी खेळ कशाला?" आवाजात इतकी माया, की साहेबांना आपली घरची माणसं एकदम आठवावीत. साहेब हेलावून नवे टायर घेतात आणि त्यांचं ते कडक रबर दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्या माणसांखाली येतं.

दुकानातला माल घरात वापरायचा नाही, हा नियम सासऱ्यांनी घालून दिला होता. सासरे गेले, नियम मागे राहिला. नवरा तो असा सांगतो, जणू वडिलांनी मरताना कानात काहीतरी थोर सांगून ठेवलंय. खरं म्हणजे चिक्कूपणाला तत्त्वाची टोपी घातली होती, एवढंच. पण हे त्या घरात कुणाला ऐकवणार?

मला चार नवे टायर हवे होते. सोनं नाही, साडी नाही, सहल नाही. टायरच्या दुकानाच्या मालकिणीला टायर हवे होते. हौस म्हणून नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांचे व्यायाम करून घ्यायला त्यांना आठवड्यातून तीनदा टेकडीवरच्या दवाखान्यात न्यावं लागतं. न्यायचं कुणी? त्यांच्या दोन मुलांना कामं असतात, म्हणून सुनेने. येताना मोठा उतार लागतो. उतार सुरू झाला की स्टिअरिंग माझ्या हातात थरथरायचं आणि सासूबाई खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी धरून डोळे मिटायच्या. खाली पोहोचलो की डोळे उघडून म्हणायच्या, "जरा सावकाश चालवत जा गं." आपल्या मुलाने लावलेल्या टायरमध्ये खोट असेल, हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. सून वाईट चालवते, हे मात्र त्यांनी झाडून सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं.

आमच्या धंद्यात खडूची एक पद्धत आहे. टायरमध्ये दोष दिसला की फिटर त्याभोवती खडूने गोल काढतो. मालक स्वतःच्या डोळ्यांनी बघून काय ते सांगेपर्यंत तो गोल पुसायचा नाही आणि ते चाक गाडीला चढवायचं नाही. गिऱ्हाइकाला बोलावून गोल दाखवला की वाद मिटतो. पुढच्या डाव्या टायरला, म्हणजे दंतवैद्याच्या, कडेच्या रबरावर लिंबाएवढा फुगवटा आला होता. मी त्याभोवती गोल काढला आणि नवऱ्याला बोलावलं.

तो आला, वाकला, बघितलं आणि म्हणाला, "बघतो."

"आता बघितलंत ना? मग अजून काय बघायचं?"

"अगं, बघतो म्हटलं ना."

गोल धुळीने पुसट झाला की मी परत काढायचे. नवरा येता-जाता त्याच्याकडे बघायचा आणि दुसरीकडे बघायचा. गिऱ्हाइकाचा गोल असता तर त्याने त्याच्यावर प्रवचन दिलं असतं.

तशात समोरच्याने काचेचं दुकान टाकलं. रस्त्याच्या पलीकडे, अगदी आमच्या तोंडासमोर. आत गारवा, बसायला सोफा, कॉफीचं यंत्र, आणि सारख्या रंगाचे शर्ट घातलेली माणसं. आमच्याकडे बसायला टायरच. एकावर एक ठेवलेले दोन, वर फळी. गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडायला लागली. नवरा दारात उभा राहून मोजत बसायचा. मी त्याला म्हणाले, "तिकडे मोजण्यापेक्षा इकडे झाडून घ्या, निदान फरशीचा रंग तरी कळेल." पण घरात शहाणं माणूस असताना बाहेरून अक्कल मागवायची, ही आमच्याकडची रीत. त्याने धाकट्या भावाला बोलावलं.

माझा दीर जाहिरातीचा कसलासा कोर्स करून आला होता. त्याआधी त्याने पाण्याची यंत्रं विकली होती, म्हणजे विकायला नेली होती. कोर्स केल्यापासून त्याचं एकही वाक्य 'ब्रँड' या शब्दाशिवाय पुरं होत नसे, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव ब्रँडभाऊजी ठेवलं. पुढे ते तोंडातूनही निसटायला लागलं. त्याला ते कौतुक वाटलं.

"वहिनी, आपण टायर विकतो हे आधी डोक्यातून काढून टाका," असं म्हणून त्याने सुरुवात केली.

"मग काय विकतो?"

"विश्वास."

"बरं. मग ढिगात पडलाय तो काय?"

नवऱ्याने माझ्याकडे रागाने बघितलं. भाऊजींनी वहीत काहीतरी लिहिलं. लिहिण्यासारखं कुणी काही बोललं नव्हतं.

पहिला प्रयोग म्हणजे वाऱ्यावर नाचणारा कापडी माणूस. खाली पंखा, वर दोन माणूस उंचीचा लाल नळकांड्यासारखा देह, हात हवेत, तोंडावर खुळचट हसू. पंख्याची आणि आमच्या कॉम्प्रेसरची लाइन एकच. हा नाचायला लागला की कॉम्प्रेसर मान टाकायचा. त्यामुळे चाकात हवा भरायला आलेल्या गिऱ्हाइकाला थांबवून आम्ही कापडी माणसात हवा भरत होतो. गिऱ्हाईक थोडा वेळ नाच बघायचं आणि हवा भरायला समोर जायचं. तिसऱ्या दिवशी त्याने एका स्कूटरवाल्याच्या तोंडावर अंग टाकलं, तेव्हा कुठे त्याची घडी झाली.

मग व्हिडिओ. भर उन्हाळ्यात नवऱ्याला कोट चढवला. गळ्यात टाय, कपाळावर घाम, मागे टायरची भिंत. नवरा कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "टायर म्हणजे नातं." हे म्हणायला त्याला सकाळपासून दुपार झाली, कारण 'नातं' म्हणताना तो दर वेळी माझ्याकडे बघायचा आणि अडखळायचा. व्हिडिओला अंगठ्यांचा पाऊस पडला. अंगठे दाखवणारे सगळे आमचे नातेवाईक. त्यातले निम्मे दुसऱ्या गावी राहतात आणि उरलेल्यांकडे गाडी नाही. भाऊजी आकडा दाखवत घरभर नाचले, आणि नुकत्याच घडी करून ठेवलेल्या त्या कापडी माणसाची मला उगाच आठवण झाली.

धंद्यावर काडीचा परिणाम नाही. समोरच्याकडे मात्र रांग. त्याने काय जाहिरात केली होती? काही नाही. दारावर दर लिहिले होते आणि आत गेलेला माणूस सांगितलेल्या वेळेत बाहेर यायचा. पण हे इतकं साधं होतं, की कोर्स केलेल्या माणसाला दिसणं अवघड.

एका सकाळी दवाखान्यात जायला म्हणून मी बाहेर आले, तर माझी गाडी दारात नव्हती. संध्याकाळी परत आली तेव्हा ओळखू येईना. पिवळीधमक. दोन्ही बाजूंना, बॉनेटवर, मागच्या काचेवर स्टिकर. दुकानाचं नाव, फोन नंबर, आणि हातभर लांब अक्षरांत: चाकं तुमची, चिंता आमची!

"चालतीबोलती जाहिरात," भाऊजी हात चोळत म्हणाले. "तुम्ही आईला घेऊन अख्ख्या गावातून जाता. फुकटात केवढं दिसणार आपण! ब्रँड घराघरांत."

मी चाकांकडे बघत होते. चारही टायर काळेभोर, ओले वाटावेत इतके चमकत होते. बाजूची अक्षरं कुणीतरी बसून पांढऱ्या रंगाने भरली होती. पुढच्या डाव्या टायरवरचा माझा खडूचा गोल गेला होता.

"गोल कुणी पुसला?"

"अहो वहिनी, फोटो काढायचे होते," भाऊजी म्हणाले. "जाहिरातीच्या गाडीवर खडूच्या रेघोट्या? पॉलिश मारलं मस्त. फुगवटा शोधून दाखवा बघू आता."

मी शोधून दाखवला. बोट ठेवून दाखवला. काळ्या चकाकीखाली तो होता तिथेच होता, थोडा वाढलेलाच. नवऱ्याला हाक मारली. तो गाडीभोवती कौतुकाने फिरत होता.

"अहो, या गाडीत तुमची आई बसते."

"मग? आजवर काही झालंय का?"

"झाल्यावर सांगू?"

"हे बघ," तो आवाज खाली आणून म्हणाला, गिऱ्हाइकाशी बोलतो तसा. "जाहिरात रुजू दे. धंदा उठला की पहिला सेट तुझ्या गाडीला. शब्द देतो."

या माणसाचा शब्द आणि समोरच्याच्या कॉफी यंत्रातली वाफ, दोन्ही सारख्याच वजनाच्या. पण दुसऱ्या दिवशी सासूबाईंची वेळ घेतलेली होती आणि त्यांना चालवत नव्हतं. गाडी काढली. लोक वळून बघत होते. सासूबाई खूश. "धाकट्याने काय डोकं चालवलंय!" त्या म्हणाल्या. उतारावर कडी धरून डोळे मिटले, ते वेगळं.

फुटला तो उतारावर नाही. हे आमचं नशीब, बाकी कुणाचीही करामत नाही. बाजाराच्या रस्त्यावर, गर्दीत, गाडी हळू असताना मोठा धमाका झाला, स्टिअरिंग माझ्या हातातून हिसकावल्यासारखं डावीकडे गेलं आणि गाडी फुटपाथच्या कडेवर चढून कचऱ्याच्या डब्याला टेकून थांबली. सासूबाईंचे गुडघे समोर आपटले. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचे हात कडी शोधत होते आणि त्यांना ती सापडत नव्हती.

औषधाच्या दुकानाचे मालक धावत बाहेर आले. वयस्क माणूस, त्यांच्याकडेही आमच्यासारखीच गाडी. त्यांनी खिडकीतून सासूबाईंना पाणी दिलं, गुडघ्यावर लावायला बर्फाची पिशवी आणून दिली. सासूबाईंना उतरवणं शक्य नव्हतं, गाडी तिरकी होती. तोवर माणसं जमली. आधी सगळे काळजीने आले, हे खरं. मग कुणाचं तरी लक्ष दारावरच्या हातभर अक्षरांकडे गेलं. त्याने ती मोठ्याने वाचली. खाली फुटलेला टायर, वर 'चिंता आमची'. एक हसला, मग दोन हसले, मग फोन बाहेर आले. मी त्यांना दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही फोटो काढला असता.

मी नवऱ्याला फोन लावला. "टायर फुटला."

"कुठे?"

"बाजारात."

मग म्हणाला, "म्हणजे लोकांसमोर?"

"हो."

"नाव दिसतंय का?"

मी बोललेच नाही. मला बघायचं होतं, हा माणूस आईबद्दल कधी विचारतो. वाट बघितली. पलीकडून दोघा भावांची कुजबुज ऐकू आली. मग तो म्हणाला, "कुणाशी काही बोलू नकोस. निघालोच."

आणि दोघं आले. जॅक नाही आणला. चाक नाही आणलं. माझ्या गाडीतली स्टेपनीही ढिगातलीच, तिच्यात हवा नसणार हे त्या दोघांना माहीत होतं, तरी नाही. त्यांनी आणली चादर. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेली माझी पांढरीशुभ्र डबल चादर. दोघांनी दोन टोकं धरली, झटकली आणि गाडीवर टाकली.

"अहो, आई आत आहेत!" मी ओरडले.

"दोनच मिनिटं," नवरा म्हणाला. "नाव झाकू दे."

चादरीखालून आवाज आला. "अरे, काय करताय? मी आहे इथे! मी आहे रे आत!"

"आई, दोन मिनिटं कळ काढ," भाऊजी चादरीवरूनच म्हणाले. "ब्रँडचा प्रश्न आहे."

चादरीच्या आतून एक हात वर आला आणि कापडाला चापटी मारायला लागला. बाहेर हशा. औषधवाले पुढे झाले आणि त्यांनी खिडकीपुढची चादर उचलून धरली. सासूबाईंचा चेहरा दिसला. मी या बाईशी पंचवीस वर्षं भांडतेय. मला तिचा राग येतो, कंटाळा येतो, पण तो चेहरा मला बघवला नाही. गंमत म्हणजे चादर मागच्या काचेपर्यंत पुरलीच नव्हती. नाव आणि फोन नंबर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत तिथेच होते.

शेवटी मीच दुकानात फोन करून फिटरला बोलावलं. आमचा फिटर जाडजूड, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. तो चाक घेऊन आला, ढिगातलंच, आणि आम्ही घरी गेलो.

संध्याकाळपर्यंत तो फोटो गावभर झाला. दुकानात फोन यायला लागले. "चिंता आहे का शिल्लक?" असं विचारून लोक खिदळत ठेवून द्यायचे. समोरच्या दुकानातले सारख्या शर्टातले लोक दारात येऊन आमच्याकडे बघायचे आणि आत जायचे. हसत नव्हते. त्याचंच नवऱ्याला जास्त लागलं.

जेवताना बैठक बसली. नवऱ्याचं म्हणणं, काही दिवस दुकानाचं नाव बदलू. भाऊजींचं म्हणणं, घाबरायचं कारण नाही, उलट ही संधी आहे.

"लोक आपल्याबद्दल बोलताहेत ना? मग आता आईचा व्हिडिओ करू. आई म्हणेल, 'टायर फुटला, पण मी सुखरूप आहे, कारण माझ्या मुलांच्या दुकानावर माझा विश्वास आहे.' डोळ्यांत पाणी आणायचं थोडं. आई, जमेल ना?"

सासूबाई खाली बघून जेवत होत्या.

"एका मिनिटाचं काम आहे, आई," नवरा म्हणाला.

बाई थोर आहेत. मुलांनी विहिरीत ढकललं तरी पाणी गार आहे म्हणतील, असं मी त्यांच्याबद्दल नेहमी म्हणत आले. मला वाटलं, आता ताटावरून उठून पदर सारखा करतील आणि कॅमेऱ्यापुढे बसतील. त्या उठल्या. भिंत धरत खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या रात्री नातेवाइकांना एकही फोन गेला नाही.

सकाळी नवरा यायच्या आधीच मी दुकानात गेले आणि गल्ल्यावर बसलेच नाही. आमच्याकडे काचेच्या एका कपाटात चांगल्यातले चांगले टायर मांडून ठेवलेले असतात. त्यात माझ्या गाडीच्या मापाचा एकच सेट होता. कोरे करकरीत, बारीक रबरी केस अजून अंगावर असलेले. मी कपाट उघडलं आणि पैलवानाला हाक मारली.

"हे माझ्या गाडीला चढव."

तो टायरकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. "मालकांना विचारलंत?"

"मालकीण सांगतेय, ते ऐकू येत नाही?"

"तसं नाही, बाई. पण हा माल—"

"पैलवान, काल चाक घेऊन कोण आलं होतं? तू का मालक?"

त्याने पाना उचलला. गाडी वर चढली. ढिगातले चार टायर उतरले, नवे बसले, चाकं फिरवून तोललेली, सगळं नीट. ढिगातल्या चारांवर मी स्वतः खडूने गोल काढले, चांगले मोठे, आणि पैलवानाला ते चिरून टाकायला लावले, म्हणजे पुन्हा कुणाला त्यांच्यात जीव सापडायला नको. मग घरी जाऊन सासूबाईंना गाडीत बसवलं. दवाखान्याची वेळ होती. वाटेत दुकानावर पर्स घ्यायला थांबले आणि तिथेच माशी शिंकली.

औषधवाले आले होते. नवरा आणि भाऊजी दोन्हीकडून त्यांना चिकटले होते. त्या फोटोनंतर आत आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक.

"टायर बदलायचेत," ते म्हणाले. "काल हे सगळं बघितलं आणि माझेच टायर आठवले. समोरच जात होतो. पण मघाशी रस्त्यात तुमच्या गाडीला नवे दिसले." त्यांनी माझ्या चाकांकडे बोट केलं. "यांनी स्वतःच्या गाडीला लावलेत म्हणजे काहीतरी बघूनच लावले असणार. मला हेच द्या."

नवऱ्याने तेव्हा कुठे माझ्या गाडीकडे बघितलं. मग रिकाम्या काचेच्या कपाटाकडे. मग पुन्हा गाडीकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग आला, आणि लगेच दुसरंच काहीतरी आलं. मी त्याच्याबरोबर इतकी वर्षं काढली आहेत, ते काय होतं हे मला कळायला वेळ लागला नाही.

त्याने मला बाजूला घेतलं. "या मापाचा तेवढाच सेट आहे."

"माहीत आहे. मीच लावलाय."

"अगं, आठवड्यात दुसरे येतील. तोवर तुझ्या गाडीला... ढिगात बघतो मी काहीतरी चांगलं. हा माणूस समोर गेला तर संपलंच. समजून घे ना जरा."

"वहिनी, ब्रँडसाठी," भाऊजी म्हणाले.

मी काय बोलणार होते ते मला आठवत नाही. बरंच काही आलं होतं तोंडात. पण नवरा थांबलाच नाही. तो जॅक उचलून थेट गाडीकडे गेला आणि आईच्या बाजूचं दार उघडलं.

"आई, जरा उतर."

सासूबाई समोर बघत होत्या. "का?"

"चाक काढायचंय. दोन मिनिटांचं काम आहे."

"उतरत नाही मी."

"आई, गिऱ्हाईक खोळंबलंय."

सासूबाईंनी मान वळवून मुलाकडे बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत. हातातल्या जॅककडेही.

"आज चादर नाही आणलीस?"

मोठ्याने म्हणाल्या नाहीत. पण पैलवानाने हातातलं काम थांबवलं आणि औषधवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. नवरा जॅक घेऊन तसाच उभा. सासूबाईंनी हात लांब करून स्वतःच दार ओढून घेतलं.

"मला घाई नाही," औषधवाले चष्मा चढवत म्हणाले. "मागवा तुम्ही. पण हेच मागवा. त्यांचे काढून मला नकोत."

"हो, हो!" नवऱ्याला लगेच कंठ फुटला. "आमचं पहिल्यापासून तेच आहे, साहेब. आम्ही घरच्यांना जे लावतो, तेच गिऱ्हाइकाला देतो."

भाऊजींनी घाईघाईने वही काढली आणि ते वाक्य उतरवून घेतलं. आता ते दुकानाच्या पाटीवर आहे. ती कल्पना आपली, असं दोघंही सांगतात, आणि आलेली गिऱ्हाइकं आधी माझी चाकं बघायला बाहेर येतात. मी वाद घालत नाही. त्या दोघांशी वाद घालायचा तर आधी त्यांना माणसांत मोजावं लागेल.

मी गाडीत बसले आणि निघालो. व्यायाम झाले, परत निघालो. उतार लागला. सवयीने त्यांचा हात वरच्या कडीकडे गेला. स्टिअरिंग थरथरत नव्हतं. गाडी मुकाट खाली उतरत होती. त्यांनी थोडा वेळ कडी धरली, मग सोडली आणि हात मांडीवर ठेवला. डोळे उघडेच होते.

"तुझे सासरे असताना," त्या म्हणाल्या, "आम्ही दोघं एकदा लांब गेलो होतो गाडीने. तीनदा चाक बसलं. दर वेळी म्हणायचे, यात अजून जीव आहे."

मी गिअर बदलला.

"सगळा जन्म टायरवाल्याच्या घरात गेला माझा," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "नव्या टायरवर आज बसले."

खाली पोहोचल्यावर मी गाडी उजवीकडे वळवली, घराच्या बाजूला नाही, लांबच्या रस्त्याला. कुठे चाललो आहोत, हे त्यांनी विचारलं नाही.